काळं पडलेलं पान

भाऊ, घरात सगळे तुम्हाला भाऊच म्हणायचे, म्हणून मीही म्हणत गेले. वडील म्हणून वेगळी हाक कधी लागली नाही. गुरुवारी माझी ईसीजी टेक्निशियनची परीक्षा आहे. दुसऱ्यांदा देतेय. रोज भाजे गावातून चालत मळवली स्टेशन गाठते, लोणावळ्याला उतरते, आणि क्लासमध्ये हृदयाच्या ठोक्यांच्या पट्ट्या मोजते. मशीन पट्टीच्या वरच्या कोपऱ्यात स्वतःचा निष्कर्ष छापतं. तो मी हाताने झाकून ठेवते.

तुम्ही लोणावळ्यात चिक्कीच्या भट्टीवर होतात. सातवीच्या सुट्टीत मी तिथे आले होते. कढईतला गूळ तांबूस झालेला पाहून मी म्हणाले, "झाला पाक." तुम्ही माझ्याकडे बघून शेंगदाणे ओतलेत. घाणा चिवट झाला. तुम्ही एक तुकडा माझ्या हातात दिलात.

"चघळ आता. गिऱ्हाइकाची कवळी निघंल हितंच."

मग तुम्ही दुसऱ्या कढईतला थेंब वाटीतल्या पाण्यात टाकलात आणि तो वाटीच्या कडेवर आपटून दाखवलात. टणकन वाजला. "रंगावर जाऊ नको, पोरी. रंग लय फशिवतो. पान्यात टाकायचा, वाजला तरच झाला म्हनायचा."

मागच्या परीक्षेत मी रंगावरच गेले. पट्टीवरचे ठोके अनियमित होते. अशा वेळी सहा सेकंदांतले ठोके मोजून दहाने गुणायचं असतं. मी दोनच ठोक्यांमधलं अंतर पाहिलं, भागाकार केला आणि उत्तर लिहून दिलं. प्रात्यक्षिकात नापास. आता पट्टी सोपी दिसली तरी टोकापासून टोकापर्यंत मोजते.

दुसरी चूक जुनी आहे. तुमच्या छातीत कळ आली त्या दिवशी दवाखान्यात काढलेला ईसीजी आईने फायलीत जपून ठेवला होता. तुम्ही गेल्यानंतरच्या वर्षी दहावीची मार्कशीट लॅमिनेट करायला मी तीच फाईल घेऊन गेले. आपल्याकडे महत्त्वाचा कागद लॅमिनेटच करतात. म्हणून तोही दिला. मशीनमधून बाहेर आला तो पूर्ण काळा.

"ताई, हा उष्णतेवर छापायचा कागद. आधी बोलायचं ना," दुकानदार म्हणाला.

आता पान तिरकं धरलं की बॉलपेनने दाबून लिहिलेलं तुमचं वय तेवढं दिसतं. ते मी माझ्या वह्यांखाली ठेवलंय. सराव प्रश्नसंचात एक प्रश्न आहे: ईसीजीचा कागद कसा जपावा? उष्णतेपासून लांब, आणि लगेच झेरॉक्स काढून. हा माझा कधी चुकत नाही.

आईला हे माहीत नाही. ती परवा भाकरी थापताना म्हणाली, "तुला आता वाचता येतंय नव्हं? भाऊंच्या कागदात काय हुतं ते सांग की एकदा."

"पास झाल्यावर सांगते," मी म्हणाले. मागच्या वर्षीही हेच म्हणाले होते.

म्हणजे निकाल लागेल त्या दिवशी तिच्यासमोर ते काळं पान ठेवावं लागेल. ठेवीन. त्यात काय होतं ते सांगता येणार नाही, का येणार नाही ते सांगीन. गुरुवारी प्रत्येक पट्टी पूर्ण मोजणार आहे.

हे पत्र त्याच पानाला टाचून ठेवते. एक गोष्ट कुणाला बोलले नाही, भाऊ. मागच्या वेळी नापास झाल्याचं कळलं, तेव्हा मला थोडं बरं वाटलं होतं.