विहिरीसाठी घेतलेलं मत

मास्तरसाहेब, गावात सध्या मतांचं बोलणं चालू आहे. दिवाळीनंतर हिंगोलीहून एक खादीवाला तरुण आला होता. चावडीपुढच्या लिंबाखाली उभं राहून त्यानं सांगितलं, की आता साऱ्या देशात एकदम निवडणूक होणार, बाईला मत, गड्याला मत, महारवाड्याला मत, मोमीनवाड्याला मत, आणि राजाला जेवढं तेवढंच सालगड्यालाही. लोक ऐकत होते. माझ्या शेजारी बसलेल्यानं मला हळूच विचारलं, मत म्हणजे काय देयाचं असतं? हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकला होता. तुम्हाला जाऊन दहा-अकरा पावसाळे झाले, तरी त्याला उत्तर द्यायला मला तुमचीच आठवण आली.

तेव्हा मी तुमच्या हाताखाली नुकताच मदतनीस मास्तर झालो होतो. ज्या शाळेत तुम्ही मला अलिफ-बे शिकवलं त्याच शाळेत मी लहान पोरांना बेरजा शिकवायचो. पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात इंग्रजांचा अंमल, आणि तिथं निवडणूक लागली होती. आपल्या निजामी मुलखात चार माणसं जमवून भाषण करायलासुद्धा परवानगी लागायची, मग मत कुठलं. तुम्ही म्हणालात, "आपल्याला मिळणार न्हाई, निदान कसं असतं ते बघून तरी येऊ." माझ्या मामाचं गाव पलीकडं होतं, तेवढं निमित्त पुरलं. नदीला गुडघाभर पाणी होतं. तुम्ही पायजमा वर खोचून, चपला हातात धरून पुढं चाललात, आणि लग्नाला निघाल्यासारखे खुशीत होतात.

मत पडत होतं ते एका शाळेत. बाहेर उमेदवारांच्या सजवलेल्या बैलगाड्या, शिंगांना रंग, आणि एका मांडवात बुंदीचं जेवण. ज्यांच्या नावावर बऱ्यापैकी जमीन त्यांनाच मत होतं, बाकीचं गाव बघायला जमलेलं. आत वेगवेगळ्या रंगांच्या पेट्या होत्या. तुम्ही बाहेर येणाऱ्या एकेकाला आदबीनं विचारत होतात, की बाबा, तू ह्यालाच काहून दिलं? एक म्हणाला, आमच्या जातीचा हाय. दुसरा म्हणाला, तहशिलीत त्याची वट हाय, उद्या काम पडतं. एक म्हातारी जमीनदारीण म्हणाली, लेकानं पिवळी सांगितली, मी पिवळीत टाकली. गाडी हाकणाऱ्या गड्याला विचारलंत तर तो हसला. "आमी निस्ते आणून घालतो, साहेब. आमाला कोण इचारतं?"

परत येताना वाळूत बसून आपण भाकरी खाल्ली. मी म्हणालो, ह्यात काय बघण्यासारखं होतं, कुणी जात बघितली, कुणी वट. तुम्ही हातातला तुकडा फडक्यावर ठेवलात. मग म्हणालात, "कारणं हलकी होती, खरं हाय. पन दारात येऊन कुणीतरी त्याला इचारलं ना, की तुला काय वाटतं? आपल्या गावात आजवर कुणी कुणाला इचारलं?" तुमचा चेहरा तेव्हा कसा दिसत होता ते मला अजून दिसतं. त्याच उन्हाळ्यात तुम्ही गावाला विचारलंत.

महारवाड्याचा आड त्या वर्षी फाल्गुनातच आटला. गावची विहीर मारुतीच्या पाराजवळ, आणि तिथं त्यांनी शिवायचं नाही. महारवाड्यातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन लांब उभ्या राहायच्या. पाणी शेंदणाऱ्या एखादीला दया आली तर ती वरून ओतायची. माझी आई ओतायची. रोज नाही, पण घाई नसली की ओतायची, आणि त्याबद्दल घरात कधी बोलायची नाही. शाळेच्या ओट्यावरून तुम्हाला त्या उभ्या राहिलेल्या बाया दिसायच्या. तुम्ही धडा मध्येच थांबवायचात आणि पुढं काय शिकवत होतो ते पोरांनाच विचारायचात.

तुमचा बेत तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात सांगितलात. मी उंबऱ्याशी चहा घेऊन बसलो होतो, माझ्या घरी न कळता. तुमच्या घरच्यांना आम्ही सारे अम्माच म्हणायचो; त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. विहिरीची एक बाजू महारवाड्याला द्यावी, तिथं वेगळा रहाट बसवावा, एवढंच मागणं. आणि ते पाटलाकडं मागायचं नाही, साऱ्या गावाला विचारायचं. वऱ्हाडात पेट्या होत्या, आपण दोन घागरी ठेवू, एक चुन्यानं पांढरी केलेली, एक गेरूनं लाल. द्यावी वाटतं त्यानं पांढरीत खडा टाकावा, न्हाई वाटतं त्यानं लालमध्ये. कुणाचं काय ते कुणाला कळायचं नाही. अम्मांनी भाकरी उलटली आणि मान वर न करता म्हणाल्या, "इचारू नका तुमी."

"काहून?"

"आता कोणतरी बाई गुपचूप पानी घालती. गावाला इचारलं आन गाव न्हाई म्हणलं, तर मग ती बी घालणार न्हाई."

तुम्ही हसलात. म्हणालात, पडद्याआड माणूस चांगलाच वागतो, त्याला वाईट करायला लावते ती चारचौघांची नजर.

पाटील इतक्या सहज कबूल झाला तेव्हाच आपल्याला शंका यायला हवी होती. त्यानं एकच अट घातली. विहीर ज्यांची, मत त्यांचं. महारवाड्याला खडा नाही. तुम्ही दोन दिवस त्याच्या ओट्यावर जाऊन वाद घातलात आणि शेवटी ऐकलंत, कारण तुमचा हिशेब असा होता, की मोमीनवाडा सगळा पांढरीत टाकील, तेली टाकतील, आणि कुणब्यांतले काही. चावडीत घोंगडी बांधून आडोसा केला. घरटी एक खडा. लोक एकेक करून आत जात होते, खडा पडल्याचा आवाज येत होता, पण कुठल्या घागरीत ते कळत नव्हतं. महारवाड्यातले लोक रस्त्यापलीकडं उन्हात बसले होते. आपल्या पाण्याचं काय होतंय ते लांबून बघत होते.

संपल्यावर तुम्ही मला घागरी बाहेर आणायला सांगितलंत. मी लाल उचलली आणि वजनावरूनच समजलो. आडोशाला आपण दोघंच होतो. मी म्हणालो, मास्तरसाहेब, इथं कुणी बघून नाही राहिलं, चार ओंजळी इकडच्या तिकडं करतो. तुम्ही माझं मनगट धरलंत. तुम्ही शिकवताना छडीसुद्धा फारशी वापरली नव्हती, पण त्या दिवशी हात दुखेल इतकं दाबलंत. "ठेव ती घागर खाली. तू गावाला पानी देऊन नाही राहिला, गावाचं तोंड दाबून राहिलास." मी ठेवली. ह्या गोष्टीचा मी इतक्या वर्षांत किती वेळा विचार केला, आणि तुमचं बरोबर होतं की माझं, ते मला अजून सांगता येत नाही.

पांढरीत मूठभर खडे निघाले. मोमीनवाड्यानंही लालमध्येच टाकले होते. नंतर हळूहळू कळलं. पाटील आदल्या दिवशी घरोघर फिरला होता. मोमिनांना त्यानं ईदगाहच्या जागेची आठवण करून दिली, तेल्यांना घाण्याची, कुणब्यांना पोरींच्या लग्नाची. धमकी कुणालाच दिली नाही. ज्याला जे जपायचं होतं त्याच्याजवळ तेवढं नुसतं बोलला. आणि पडदा होता तरी प्रत्येकाला वाटलं, पाटलाला कळणारच. माझ्या वडिलांनी घरी येऊन जेवता जेवता सांगितलं, "मास्तर चांगला मानूस हाय. पन त्याला काय, तो आज इथं हाय, उद्या बदलून जाईल. आमाला इथंच मरायचं हाय."

रस्त्यापलीकडून महारवाड्यातला एक म्हातारा उठून तुमच्याकडं आला आणि लांबच थांबला. तो रागावलेला नव्हता. म्हणाला, "साहेब, आदी आमाला कुणी न्हाई म्हणलं न्हवतं. निस्तं देत न्हवते. आता सारं गाव न्हाई म्हणलं." तुम्ही त्याच्यापुढं हात जोडलेत. तो ओशाळला, आणि तसाच माघारी गेला.

अम्मा म्हणाल्या तसंच झालं. पुढच्या आठवड्यात मी आईला विहिरीवरून भरली घागर घेऊन सरळ घरी येताना बघितलं. मागं बाया उभ्या होत्या. मी विचारलं तर म्हणाली, "आता कसं घालू? गावानं ठरवलंय ना." तिच्या मनात दुष्टावा नव्हता. उलट इतके दिवस चोरून करावं लागत होतं ते ओझं उतरल्यासारखी ती बोलली. त्या उन्हाळ्यात महारवाडा नदीवरून पाणी आणत राहिला, आणि पटकीनं तिथली दोन लेकरं गेली. तुम्ही दोन्ही मातींना गेलात, लांब उभे राहिलात. कुणीतरी वर कळवलं, की शाळेच्या मास्तरनं परवानगीशिवाय सभा भरवली, आणि तुमची बदली पार लांबच्या मुलखात झाली. पुढच्या पावसाळ्यात तिथं तापानं तुम्ही गेलात. माती तिथंच झाली. अम्मा तुमच्या लेकराला घेऊन इथं परत आल्या, कारण त्यांचं माहेर हेच.

तुमच्यानंतरचं तुम्हाला थोडक्यातच सांगतो. आधी निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या, तेव्हा आम्ही घाबरलो. माझे वडील गुरंढोरं घेऊन नदीपलीकडं मामाकडं पळाले, आणि तिथंच खचून वारले. त्या टोळ्यांत आपल्या मोमीनवाड्यातले फार नव्हते, पण दोघे-तिघे होते. मग भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, आणि भीतीनं घर बदललं. चार-सहा दिवस कुणी कुणाचा नव्हता. मोमीनवाड्यातली निम्मी घरं जळाली. वाचले ते हैदराबादकडं गेले. त्यांची मागं राहिलेली शेतं ज्यानं आधी औत घातलं तो आता कसून राहिला आहे.

म्हणून त्या खादीवाल्याच्या सभेनंतर जी बोलणी झाली ती मी लक्ष देऊन ऐकली. वऱ्हाडात तुम्ही विचारलं होतं तसं मीही विचारत फिरलो. एक जण म्हणाला, सरकार सक्तीनं नेतं ते लेव्हीचं धान्य जो बंद करील त्याला मत. एक म्हणाला, धोतरजोडी रास्त भावात मिळाली तर कुणालाही. पळून गेलेल्यांचं शेत कसणारा म्हणाला, जो हे शेत माझ्याकडून काढून घेणार न्हाई त्याला, आणि नजर न चुकवता म्हणाला. जुना पाटील वारला. त्याच्या मुलानं पांढरी टोपी घातली आहे. तो सगळ्यांना सांगतो, की गाव एकजुटीनं मत देईल, आपसात फाटाफूट नको. खादीवाला गेल्यावर महारवाड्यातल्या एका सुनेनं पुढं येऊन विचारलं, "मत देऊ आमी. पन विहिरीचं काय?" पाटलाचा मुलगा शांतपणे म्हणाला, "ते मतानंच झालंय, बाई. तुझ्या लग्नाच्या आदी. मास्तरनंच घेतलं होतं." लोक धोतरं झटकत उठले. मीही उठलो. तो म्हणाला ते खरंच होतं.

अम्मा अजून मशिदीजवळच्या त्याच घरात आहेत. दार लावलेलं असतं. मी चार-आठ दिवसांनी ज्वारीचं पीठ नेऊन देतो. परवा गेलो तर त्यांच्याही कानावर मतांचं आलं होतं. म्हणाल्या, "घरोघर नावं लिहायला येणार म्हणं."

"येतील, अम्मा. कधीतरी येतीलच."

"मग घरात कोन कोन म्हणून सांगू? पोराचं नाव सांगू का? इक्कीस पुरे होतील त्याला तोवर."

तुमचं पोरगं हिंगोलीत शिंप्याच्या दुकानात शिकत होतं. उंच झालं होतं, तुमच्यासारखं थोडं वाकून चालायचं. भाद्रपदातल्या त्या दिवसांत आईकडं यायला म्हणून चालत निघालं, आणि घरी पोचलं नाही. अम्मा समजतात की ते हैदराबादला नातलगांकडं निघून गेलं असेल, आणि टपाल सुरळीत झालं की खबर येईल. मी त्यांना म्हणालो, सांगा, अम्मा, बराबर सांगा त्याचं नाव. त्यांनी मान हलवली आणि पिठाचा डबा पुसून मला परत दिला.

तो येणार नाही. हिंगोलीच्या वाटेवरच्या ओढ्यावर जे झालं ते ज्यानं बघितलं त्यानं मला सांगितलं आहे, आणि खोटं सांगायचं त्याला काही कारण नाही. गावात हे पुष्कळांना माहीत आहे. फक्त त्या घरात माहीत नाही.

आता इतकं लिहिलं. हा कागद कुठं टाकायचा हाही प्रश्नच आहे. तुमची माती कुठल्या गावच्या शिवारात आहे तेही मला नीट ठाऊक नाही. पण एक सांगून थांबतो. आज सकाळी लिहायला बसलो तो तुम्हाला तुमच्या पोराचं कळवावं म्हणून. ते कसं सुरू करावं ते सुचेना, म्हणून विहिरीचंच लिहीत राहिलो.