आमच्या कचेरीतली सात उंच माणसं

ती. स्व. मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (मामींची तब्येत वेगळी विचारत नाही. तुमचा गुडघा दुखायला लागला की हाल त्यांचेच होतात.) आम्ही खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

लहानपणी तुम्ही माझ्याकडून इंग्रजीचा एक वाक्प्रचार घोकून घेतला होता, ‘हेड अँड शोल्डर्स अबव्ह द रेस्ट’. चारचौघांत उभं राहिल्यावर ज्याचं डोकंच काय, खांदेसुद्धा वर दिसतात असा, म्हणजे बाकीच्यांहून फारच सरस माणूस. (सोबत एक कानफटीतही दिली होतीत. ती मराठीत होती.) त्या वाक्प्रचारानं माझा घात केला.

आमचे हेडक्लार्क निवृत्त झाले. ज्या खुर्चीची वाट बघत बाबांची सगळी नोकरी संपली, ती हीच खुर्ची. आम्हा आठ कारकुनांबद्दलचे शेरे साहेबांनी वरच्या कचेरीत पाठवायचे होते, आणि साहेबांचं इंग्रजी सहीपुरतंच असल्यामुळे ते लिहायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मी माझ्या शेऱ्यात तुमचा वाक्प्रचार घातला. साहेबांनी अर्थ विचारला, मी सांगितला, आणि त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. (माझी उंची पाच फूट दोन.) तसं शब्दशः घ्यायचं नसतं, हे समजावल्यावर मात्र ते इतके खूश झाले की म्हणाले, “झकास! सगळ्यांनाच टाका. उगाच कुणाचा रोष नको.”

टाकलं, काय करतो? जेवणानंतर फायलीची उशी करून घोरणारा सरस, एका पत्रावर तीन दिवस काढणारा सरस. सात जण, आणि प्रत्येक जण बाकीच्यांहून खांदाभर उंच! फक्त माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला (मी उघडलेली खिडकी हा लगेच लावतो) ते द्यायला माझा हात धजेना. त्याचं कोरडंच लिहिलं : वेळेवर येतो, दिलेलं काम पुरं करतो. साहेबांनी न वाचता सही ठोकली.

वरच्या कचेरीतल्या बाईसाहेब आठवा कागद वाचून म्हणाल्या म्हणे, की या एकट्याबद्दलच कुणीतरी खरं लिहिलंय. खुर्ची त्याला मिळाली. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. फार लागलं मला, मामा. त्यातून त्याला काम माझ्यापेक्षा बरं येतं, हे तर कुणाला सांगायचीही सोय नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. : दोष द्यायला पत्र लिहिलेलं नाही. रविवारी तुम्ही येणार आहात, म्हणून लिहिलं. निकालाच्या आदल्या दिवशीच मी घरी सांगून बसलो होतो, की खुर्ची मला मिळाली. बाबा ठेवणीतला शर्ट घालून गल्लीभर सांगून आले.

आणखी एक ता. क. : आल्या आल्या माझं अभिनंदन करा. जरा मोठ्यानं करा. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, आणि ही बातमी ते रोज नव्यानं विचारतात.