ह्यांनी मागितलेले सात दिवस

धुळे, मंगळ., ३ फेब्रु. ८७
डॉ. साहेबांनी आज स्पष्टच सांगितलं. ह्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. आधी अंगठा काळा पडला, आता घोट्यापर्यंत आलंय. साखर कधीपासून होती कोण जाणे. चोपड्याहून केळीचा ट्रक घेऊन दिल्ली गाठणारा माणूस रक्त कधी तपासणार? नवा बूट चावला, एवढंच निमित्त.
"दोन दिवसांत करू, बाई. उशीर नको."
मी हो म्हणाले. हे म्हणाले, नही.

बुध., ४
दिवसभर विनवण्या. शेवटी हे बोलले, पण काय ते!
ह्याच मिशनच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं मी कॉटोकॉट शास्त्रातल्या गोष्टी सांगत फिरते. डोळ्यांच्या वॉर्डात आंधळा बार्तिमय. बायकांच्या वॉर्डात येशूच्या वस्त्राला शिवून बरी झालेली ती बाई. हाडांच्या वॉर्डात छपरातून खाली सोडलेला पक्षघाती. हे कधी ऐकत बसले नाहीत. चर्चला नाताळापुरते, तेही नवा शर्ट शिवला असेल तर. आणि आज म्हणतात, "तो नामान सरदार, नदीमां सात येळा बुडना आन् तेनं कोड गयं. तूच सांगस ना बठ्ठा लोकेस्ले? मंग माले सात दिन दे. आठवा दिन खुशाल काप म्हना."
मी म्हणाले, ती गोष्ट वेगळी.
"कशी येगळी? लोकेस्ना करता खरी, मन्हा करता येगळी?"
चहा आणायच्या निमित्ताने बाहेर आले. मुलीला जळगावला तार केली.

शुक्र., ६
ताप १०३. वास येतो. शेजारच्या कॉटवाल्याने नाकाला फडकं बांधलं, तेही मी बघत नाही असं पाहून. भला माणूस.
डॉ.: "तुमचं ऐकतील. तुम्हीच समजवा."
काय समजवू? लग्नाला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं एकच मागणं, प्रभू, ह्यांना विश्वास दे. दिला. आता मीच जाऊन सांगू, अहो, जरा कमी ठेवा?
आणि मला स्वतःला तरी... इथे लिहिते, कारण ही वही कुणी वाचत नाही. दुसऱ्यांच्या कॉटपाशी माझा विश्वास डोंगराएवढा असतो. ह्यांच्या कॉटपाशी उभी राहिले की नुसती भीती वाटते.

शनि., ७
उपास. पाळकसाहेब आले, कपाळाला तेल लावून प्रार्थना केली. हे हात जोडून, डोळे घट्ट मिटून, लहान मुलासारखे पडून होते. ह्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.
साहेब गेल्यावर चादर उचलली. काळं दोन बोटं वर चढलंय.
"कमी दिखस ना?"
हो म्हणाले. आमेन म्हणून मला पाच मिनिटंही झाली नव्हती.

रवि., ८
चर्चला गेले नाही. न्हाणीत नळ सोडून देवाशी भांडले. मरून चार दिवस झालेला लाजर उठवलास, आणि ह्या जित्या माणसाचा पाय तुला जड झाला? काय काय बोलले, लिहवत नाही. नंतर तोंड धुऊन वॉर्डात गेले, जणू काही झालंच नाही.
दुपारी खरं सांगून टाकलं. काळं कमी नाही, वाढलंय, काल मी खोटं बोलले. शिव्या देतील वाटलं. दिल्या नाहीत. छताकडे बघत म्हणाले, "आखो येखांदी गोट सांग. पायनी."
पायाची. कुठली सांगू? चालू लागले, उड्या मारू लागले, त्या सगळ्या गोष्टी बाजूला सारल्या. तोंडातून याकोब निघाला. नदीकाठी रात्रभर देवाशी झुंजला, हटला नाही. देवाने त्याला आशीर्वाद दिला, पण त्याआधी जांघेला हात लावून लंगडं केलं.
"मंग पाय बरा व्हयना का तेना?"
शास्त्रात तसं लिहिलेलं नाही, मी म्हणाले. लंगडतच गेला.
मग एकदम भडकले. "ही गोट इतला वरीस दपाडी ठेवी तू?"
खरंच लपवली. कुठल्या वॉर्डात सांगणार ती?

सोम., ९
डॉ. आले तेव्हा ह्यांनी आपणच हात पुढे केला, ऑपरेशनचा कागद मागितला. सही केली. माझ्याकडे पाहिलं नाही. मुलगी आली, तिच्या हातून दोन घास खाल्ले.
आनंद व्हायला हवा होता. विश्वास मीच मोडला की काय ह्यांचा?

मंगळ., १०
सातवा दिवस.
९ वाजता आत नेलं. डॉ. म्हणाले, आता गुडघ्याच्या वर जावं लागेल. विष रक्तात किती गेलंय ते आत्ता सांगता येत नाही. मुलगी रक्ताची बाटली आणायला गेलीय.
व्हरांड्यात पिंपळनेरकडची एक म्हातारी शेजारी येऊन बसली. सून बाळंतपणाला आलीय तिची, दोनदा माझ्या गोष्टी ऐकल्यात. "अक्का, गोट सांग ना."
"आज नाही होत, आजी. तुम्हीच सांगा."
लाजली. मग पदर सावरून सुरू झाली. "येशूबाबा नावमां बसना. थकेल व्हता, उशीवर डोकं ठेवी जपी गया. मंग असा वारा सुटना! नावमां पानीच पानी. संगना लोकेस्नी तेले हालाडं, म्हने, आम्ही मरी ऱ्हायनूत आन् तू जपेल? तुले काहीच नही का आमनं?" इथे थांबली. कपाळाला हात लावला. "मंग काय व्हयनं, अक्का? माले याद नही."
एकोणीस वर्षं तोंडपाठ आहे: तो उठतो, वाऱ्याला दटावतो, वारा पडतो. दाराकडे पाहिलं.
"थांबा, आजी," म्हणाले.
थांबलीय. अजून शेजारीच बसून आहे. सव्वाअकरा झाले. दार बंद आहे.