चौथी बाटली

३ मार्च १९८६, सोमवार

मामंजींचं पोट दुखतंय. काल महालिंगप्पा येईपर्यंत दुखत नव्हतं!

महालिंगप्पा म्हणजे मामंजींचे चुलतभाऊ. उमरग्याच्या खाजगी दवाखान्यात सलाईनच्या तीन बाटल्या लावून आलेत. काल ओसरीवर बसून, बाही वर करून, सगळ्यांना सुईची जागा दाखवली. "तीन, शरणबसप्पा! एक न्हाय, दोन न्हाय!"  मामंजींनी रात्री भाकरी अर्धीच खाल्ली.

अगदीच सोंग नाही म्हणा. सकाळपासून चारदा तांब्या घेऊन गेले.

५ मार्च

सरकारी दवाखान्यातला लिंबाजी कंपाउंडर घरी येऊन पांढऱ्या गोळ्या देऊन गेला. फुकट. टँकरचं पाणी उकळून प्या म्हणाला. मामंजी म्हणे — "फुकटच्या गोळीला कुठला आलाय गुण? माझं पोट काय रेशनचं हाय व्हय?"

गोळ्या कोनाड्यात.

७ मार्च

हे मामंजींना घेऊन उमरग्याला जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, बाटलीची गरज नाही. मामंजी खाटेवरून उठेचनात. "मग आलोय कशाला एवढ्या लांब? लावा!" शेवटी लावली बिचाऱ्यानं. पैसेही घेतले बिचाऱ्यानं. त्यात एक शेळी गेली.

येताना मामंजींनी कापूस लावलेला हात एस.टी.त वर धरून ठेवला, सगळ्यांना दिसावा म्हणून. कंडक्टरला वाटलं, उतरायचंय. दोनदा घंटी मारली, दोनदा गाडी माळावर थांबली. हे म्हणाले, लाजेनं मीच उतरणार होतो.

८ मार्च

माझ्या उजव्या कुशीत परत कळ आली. विटेनं शेकलं. थांबली.

१० मार्च

भेटायला येणाऱ्यांची रीघ. आजाऱ्याला बघायला येणारा चहा घेतल्याशिवाय जात नाही, आणि चहा गोड नसला तर गावभर सांगतो. महिन्याची साखर आठ दिवसांत संपली. डेअरीचे सेक्रेटरी विचारत होते, "चंद्री म्हैस आटली का वो? माप कमी येतंय." कसं सांगू — चंद्री तेवढंच देते, पाहुणे पितात.

आज महालिंगप्पा आले. वाकून हात बघितला.

"पांढरी का पिवळी?"

"पांढरी," मामंजी म्हणाले.

"पांढरी? आरं, ते नुसतं पाणी! मला तिन्ही पिवळ्या लावल्या."

मामंजींचं पोट बसल्या जागी दुखायला लागलं.

१४ मार्च

पिवळी लावून आणली. दुसरी शेळी गेली.

रिकाम्या बाटल्या मामंजींनी मागून घेतल्या आणि ओसरीच्या तुळईला शेजारी शेजारी टांगल्या. येणारा आधी वर बघतो, मग आजाऱ्याकडे.

२० मार्च

तिसरी. ह्या वेळी चार इंजेक्शनंही घेतली, त्यामुळं सासूबाईंचं माहेरचं घंगाळ आणि माझे चांदीचे तोडे गेले. सासूबाई म्हणाल्या, "माझं घंगाळ त्या बाटलीत घातलं ना? आता आंघुळ बी त्या बाटलीतच करा!"

मामंजी ऐकत नव्हते. तुळईकडे बघत होते. तीन.

२३ मार्च, रविवार

बरोबरी झाली, आता तरी थांबावं की नाही? पण पोट काही थांबत नाही, आणि मामंजी तर मुळीच नाहीत! "चौथी लावली की खडखडीत बरा हुतो बघ."

घरात विकण्याजोगी आता एकटी चंद्री. हे रोजगार हमीवर खडी फोडतात, त्याचा पगार येतो तेव्हा येतो. शेतात तर काडी नाही. चूल पेटते ती डेअरीच्या दुधावर. सासूबाई रडल्या. ह्यांनी तोंड उघडलं, तर मामंजी म्हणाले, "बापापेक्षा म्हैस मोठी झाली व्हय रं, कल्याणप्पा?" हे उठले, म्हशीच्या व्यापाऱ्याला सांगून आले.

पुढच्या रविवारी व्यापारी येणार.

२५ मार्च

पाण्याच्या निमित्तानं लिंबाजीकडे गेले. सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला, मग म्हणाला, "वहिनी, त्यांना बाटलीच पायजे ना? मग बाटलीच देऊ!" त्यानं काय काय घालायचं ते सांगितलं. उकळून गार केलेलं पाणी, मीठ, साखर. हळद माझ्या डोक्यातली.

निघता निघता माझ्या कुशीचंही सांगितलं. त्याचं हसू गेलं. "उजवीकडं? वहिनी, मोठ्या डॉक्टरला दाखवा. हे बाटलीचं काम न्हाय, चाकूचं हाय." म्हटलं, आधी चंद्री वाचू दे.

२७ मार्च

काय दिवस हा!

रिकामी बाटली मी उकळून घेतली, नळीही उकळली. आत चिमूटभर हळद — काय पिवळी दिसली! लिंबाजी सरकारी पांढरा कोट घालून आला. ओसरी माणसांनी भरलेली. महालिंगप्पा सगळ्यात पुढं.

"सोलापूरची नवीन बाटली हाय," लिंबाजी म्हणाला. "ही शिरंतनं न्हाय, तोंडानं घ्यायची."

"आन् सुई?"

"सुई जुनी झाली, काका."

मामंजींनी नळी तोंडात धरली. डोळे मिटून ओढत राहिले. मधेच नळी काढून म्हणाले, "खारट लागतंय, आन् गोड बी. लई भारी असणार." कोनाड्यातल्या गोळ्या सासूबाईंनी कुटून मधातून चाटवल्या — ते 'चाटण'ही सोलापूरचंच!

महालिंगप्पांनी बाटलीभोवती एक चक्कर मारली. हात मागे बांधून, तोंड उघडं.

२९ मार्च

पोट गप्प! दोन दिवसांत पाच बाटल्या ओढल्या. आज दोन भाकरी खाल्ल्या आणि उखळात मिरची कुटा म्हणाले. व्यापाऱ्याला निरोप धाडला — म्हैस द्यायची नाही.

तिन्हीसांजेला महालिंगप्पा मागच्या दारानं आले. हळूच — "सूनबाई, ती सोलापूरची... एखादी उरली का गं?"

ते गेल्यावर मी आणि सासूबाई चंद्रीच्या गोठ्यात बसून इतक्या हसलो की माझी कूस दुखायला लागली. हसून दुखली की आधीच दुखत होती, कोण जाणे.

१ एप्रिल

कळ थांबत नाही. डेअरीला मीच जाणार. ह्यांना पाठवलं तर खडीवरची हजेरी बुडेल.

४ एप्रिल, उमरगा

डाव्या हातानं लिहितेय, उजव्याला सुई आहे. परवा डेअरीत दूध मापताना पडले. रात्रीच पोट कापून नासलेलं अपेंडिक्स काढलं. आणखी एक दिवस थांबला असतात तर आशा नव्हती, असं डॉक्टर ह्यांना म्हणाले.

बाहेर मामंजी नर्सबाईंशी भांडतायत. सगळं ऐकू येतं — "सुनंला पांढरी का लावली? पिवळी लावा म्हणतो ना! म्हैस विकून आलोय मी."