साडूसाठी घेतलेला दोर

३ तारीख
सासऱ्यांच्या मागे दोन जुन्या गाड्या, दोन जावई. काळी लांबलचक मला, पिवळं डबडं साडूला. काल चारचौघांत साडू म्हणाला, तुमची गाडी फोटोत छान येते. सगळे हसले. हीसुद्धा हसली.
सूड घेणार.
२६ला सासूबाईंची पंच्याहत्तरी, डोंगरावरच्या बंगल्यात. चढावर पिवळी बंद पडणार. मी ती ओढून नेणार. सगळ्या नातेवाइकांदेखत.

४ तारीख
जाड दोर घेतला. दुकानदाराने विचारलं, किती वजन ओढायचंय? म्हटलं, साडूसकट धरा.

९ तारीख
तुलना.
माझी: सहा सिलिंडर, लाकडी डॅशबोर्ड. त्याची: चार सिलिंडर, सीटवर टॉवेल.
माझी वर्षभरात थेंबभर ऑईल प्यायली नाही. त्याची सारखी मागते.
अर्थात माझी वर्षभर चालवलेली नाही. चालवली की इंजिन झिजतं. हा शहाणा दर रविवारी भाजी आणायलासुद्धा गाडी काढतो.

१५ तारीख
मास्टरस्ट्रोक! जुन्या गाड्यांतलं कळणारा मिस्त्री इथे एकच. तो २६पर्यंत माझ्याकडे अडकवून ठेवला. साडू, बस बोंबलत.

१८ तारीख
मिस्त्री रोज येतो, चहा पितो, बॉनेट उघडू का विचारतो. मी नाही म्हणतो. पॉलिश ताजं आहे, बोटं उमटतात.
ही म्हणाली, भाऊजी पुस्तकात बघून स्वतःच प्लग बदलताहेत. पोट धरून हसलो.

२५ तारीख, दुपारी
सासूबाईंकडून कबूल करून घेतलं, माझ्याच गाडीतून येणार. त्यांनी विचारलं, चालते ना हो? म्हटलं, धावते. दोर डिकीत टाकला.

२६ तारीख, सकाळी ९
शेजाऱ्यांनी ढकलल्यावर लगेच स्टार्ट. भरदार आवाज.

सकाळी ९.४०
चढाच्या पायथ्याशी बंद. शेवटी बॉनेट उघडलं. वायरी कुरतडलेल्या, कोपऱ्यात उंदराचं घर. सिलिंडर सहा, पिल्लंही सहा.
सासूबाई म्हणाल्या, हे होते तोवर ही गाडी एक रविवार घरी बसली नाही. मग उतरून मागून आलेल्या पिवळीत बसल्या. हीसुद्धा.
फार वाईट वाटलं. त्याहून जास्त राग आला.
साडूकडे दोर नव्हता. माझ्याकडे होता. कोरा.

संध्याकाळी
सगळे नातेवाईक फाटकाशी उभे होते. फोटो काढले. गाडी छान आली आहे.
नोंद: आठ किलोमीटर चढ, पेट्रोल शून्य. पिवळीला असं मायलेज सात जन्मांत जमणार नाही.

२७ तारीख
साडूकडे दोर परत मागायला निघालो. ही म्हणाली, राहू दे त्यांच्याच डिकीत. आपल्याला लागतो.