पाणी माझं, गाणं हिचं

४ मार्च

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

प्रथम एक गंभीर तक्रार. माझ्या ऑफिसातली माझी खुर्ची गेली. नायिकेच्या विगला ती लागते. विग दिवसभर आरामात बसतो, मी उभ्यानं फोन घेतो. विगच्या मालकिणीला तू ओळखतेस. रोज रात्री टीव्हीवर सासूचा छळ सोसते, तीच. बाबांचं संगीत नाटक पुन्हा उभं केलं आणि नायिका म्हणून तिला घेतलं. 'नाटक मोठं, नट नव्हे' अशी भाषणं मी जन्मभर ठोकली. त्यांना श्रोते फारसे नसत, हे आता पथ्यावर पडलं.

बाईंना सूर वर्ज्य आहे. पदं तुझी लेक विंगेतून गाते, बाई ओठ हलवतात. सकाळी बुकिंग उघडलं, दुपारी हाउसफुल्ल, खिडकी बंद. भाचीला म्हटलं, जम बसू दे, मग भूमिका तुझीच.

रागवायचंच तर बेतानं रागाव.
तुझा धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

खुर्ची गेल्याचं वाचून बरं वाटलं. तू बसून विचार केलास की घोटाळे होतात. गळा माझ्या मुलीचा, चेहरा दुसरीचा आणि गल्ला तुझा, ही वाटणी झकास. लहानपणी खाऊही असाच वाटायचास.

तिला शाळेत गाणं शिकवायची नोकरी आली आहे. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. परवा म्हणाली, अंधारातच गायचं तर निदान पगार तरी नियमित असावा. एकदा गेली की रंगमंचाकडे पुन्हा ढुंकून बघणार नाही. वळण माझंच आहे.

तब्येतीला जप, अकलेलाही.
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

परवा भर प्रयोगात शोभा झाली. दुसऱ्या अंकातलं पद संपलं, वन्समोअर आला. बाईंना वाटलं, हा टाळ्यांचाच एक प्रकार. त्यांनी नमस्कार केला आणि तांब्या तोंडाला लावला. भाची बाबांच्या शिस्तीतली: वन्समोअर आला की गायचंच. इकडे बाईंचे घोट, तिकडे बाईंचीच तान. प्रेक्षक हसून लोळले, मी पडद्यात तोंड खुपसलं. बाईंनी मात्र तांब्या खाली ठेवला, विंगेतून भाचीला हाताला धरून बाहेर आणलं आणि लोकांना सांगितलं की पाणी माझं, गाणं हिचं. घरच्या कपड्यांत, अनवाणी, तिनं सबंध पद पुन्हा म्हटलं. हसू कधी विरलं, कळलंच नाही.

मग मला शौर्य चढलं. बाईंना म्हणालो, आता तुम्हाला रजा, नायिका भाचीच. त्यांनी शांतपणे विचारलं, मग तिकिटं कोण काढणार, तुमची ताई का? नाटकातलं मला कळतं म्हणतात. धंद्यातलं त्यांना कळतं. शेवटी त्यांनीच तोड काढली: त्या नाटकातली सखी होणार, नायिका भाची. आज खिडकीवरची रांग बाईंसाठीच होती, खोटं कशाला बोलू? एका आजोबांनी तेवढी 'ती अनवाणी पोरगी आहे ना' अशी खात्री करून तिकीट घेतलं. भाचीनं शाळेला नाही कळवलं.

पोस्टरं आधीच छापून आली होती. नव्या नावाला जागा एकच उरली होती, तळाला, 'निर्माता'ची ओळ. सकाळी छापलेल्या पट्ट्या आणि डिंक घेऊन निघालो आणि भिंतीभिंतीवर माझी ओळ झाकून तिचं नाव लावून आलो. तिला वाटतंय, छापखान्यानंच केलं. वाटू दे.

लोभ आहे तेवढाच असू दे. जास्त झाला तर मी पुन्हा भाषण करीन.
धाकटा