मशीन बिघडलं नव्हतं

जळगाव,
२० जानेवारी १९९६

सौ. कमलअक्कांना धाकट्या जावेचा, लताचा, वाकून नमस्कार.

इकडे सगळे बरे. थंडीत तुमचे गुडघे धरत असतील. मेथीचे लाडू करा, आळस नको. सुनंदाचं लग्न ठरल्याचं ह्यांना दुकानावर परक्याकडून कळलं. बोलावणं नाही, तरी आनंद झाला.

योगिताच्या थुंकीचा रिपोर्ट काल आला. जंतू नाही! सलग तिसऱ्या महिन्यात नाही. डॉक्टर म्हणाले, नव्यानेच शिरला होता आणि लगेच औषध सुरू केलं, म्हणून निघाला; घर करून बसला असता तर फुप्फुसं पोखरत गेला असता. तिचा जन्माचा आजार, सिस्टिक फायब्रोसिस, तो आहेच. पण ही लढाई पोरीने मारली. गोळ्या वेगळ्या, शिवाय दोन वेळा मशीनमधून औषधाची वाफ. दहा वर्षांची पोर, शाळेआधी आपली आपण उठून मशीनपुढे बसायची. हल्ली मी गल्लीत मान वर करून चालते. हसा खुशाल!

तुमचा राग मला कळतो. श्रावणातल्या कानबाईच्या पूजेचे रोट भाऊबंदांनीच संपवायचे, आणि मी भरल्या ताटावरून उठून धुळ्याहून निघाले. "रोट अर्धा टाकीसन कोठे चालनी तू?" तुम्ही सुनंदाला बघायला आलेल्या पाहुण्यांदेखत विचारलंत. उत्तर योगितानेच दिलं, "मोठी आई, मना छातीमा नवा जंतू शे. दवाई चुकनी ते तो कायमना बसी जाई. माले घर जानं शे."

मशीन बिघडलं म्हणून आणलं नाही, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. अक्का, ते बिघडलं नव्हतं. घराण्यात रोग आहे म्हणून पाहुणे सुनंदाला नाकारतील, या भीतीने मीच ते इकडे घरी गव्हाच्या कोठीत दडवून आले होते. दोन दिवस औषध बुडालं, आईनेच बुडवलं. डॉक्टर खूप रागावले, तीन महिने पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लावले.

योगिताने मला मशीन दडवताना पाहिलं होतं. तरी चारचौघांत तिने माझं नाव घेतलं नाही. अजूनही घेत नाही.

सुनंदाच्या लग्नाला आम्ही येणार, बोलावणं येवो न येवो. व्याह्यांनी पोरीच्या खोकल्याचं विचारलं, तर मी स्वतः सांगेन, सगळ्यांदेखत.

तुमची,
योगिताची आई